हातचा

तार्तूत एक वस्ती आहे, सूपवाडी.
गल्ल्यांना भाज्यांची नावं:
बटाटा, वाटाणा, घेवडा.
शेजारून वाहते तिचं नावच आईनदी,
त्यामुळे बर्फ वितळला की ती परसात येते
आणि कुणाला विचारत नाही.

घेवडा गल्लीतलं एक लाकडी घर
माइरे आणि ऊर्मास महिनाभर
जेवणाच्या टेबलावर मांडत होते, मोडत होते.
किंमत शहाण्णव हजार.
त्याचं वय एकसष्ट, तिचं अठ्ठावन्न,
कर्जाचं पंधरा वर्षं.
(ही बेरीज कुणी मोठ्याने केली नाही.)

ऊर्मास बस चालवतो.
आकडेही तसेच चालवतो, थांब्याथांब्याने,
आरशात बघत.
"साडेसहा टक्के," तो म्हणाला.
माइरेने जुलै-ऑगस्ट कोरडे धरले,
विद्यार्थी तेव्हा आपापल्या गावी असतात.
मग छप्पर घातलं:
दलाल म्हणाला दहा वर्षं टिकेल,
दलालाची दहा म्हणजे आपली चार.
धुराडं. विमा. जिन्यातला दिवा,
जो कुणाचाच नसतो म्हणून मालकाचा असतो.
व्याजाचा दर सहा-सहा महिन्यांनी बदलणार,
वर की खाली, ते दर ठरवणाऱ्यांनाही ठाऊक नसावं.
खाली उरले तीन पूर्णांक एक.

"बँकेत नुसते ठेवले तर तीन मिळतात," ती म्हणाली.
"म्हणजे एका दशांशासाठी
रात्री दोन वाजता कुणाचा तरी नळ."
"नळ मी दुरुस्त करीन."
"घरातला गळतोय तो?"

शनिवारी घर पाहायला गेले.
तळमजल्यावर हेल्मी, वय एकोणऐंशी,
लोकांचे पियानो सुरात लावत आयुष्य गेलेली.
भाडं एकशे ऐंशी. बाजारभाव चारशे वीस.
"हिचा करार मेमध्ये संपतो,"
दलाल जिन्यात कुजबुजला,
एवढ्या हळू की लाकडाने ते सगळीकडे पोचवलं.
दोनशे चाळीस गुणिले बारा:
ऊर्मासचे ओठ हलले,
आणि तीनाचे सहा झाले,
एका बाईला वजा करून.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा होत्या,
एकावर एक, शेजारी साल.
माइरेला हसू आलं. "किती मुलं तुम्हाला?"
"मुलं नाहीत," हेल्मी म्हणाली. "ही नदी आहे."
सगळ्यात वरची रेघ
माइरेच्या कोटाच्या खालच्या गुंडीला टेकत होती.
"दरवर्षी वाढते असं नाही.
कधी कधी खुजीच राहते.
मागच्या मालकाने सगळीकडे रंग काढला.
मी इथे खुर्ची लावून बसले, दोन दिवस."

दलालाच्या फाईलमध्ये सगळं होतं,
विजेच्या तारांचा नकाशासुद्धा.
ही चौकट नव्हती.

परतताना ऊर्मास पहिल्यांदाच प्रवाशाच्या जागेवर बसला होता
आणि ब्रेक दाबत होता.
घर पाहावं बांधून म्हणतात.
विकत घेऊन दुसऱ्याला राहायला देऊन पाहावं,
असं म्हणून ठेवायला कुणाला सुचलं नाही.

रात्री पुन्हा वही.
माइरेने किमतीतून अकरा हजार कापले, रेघांचे.
पंप घातला. पायाला डांबर घातलं.
हेल्मीसमोर चारशे वीस लिहिलं, खोडलं,
एकशे ऐंशी लिहिलं, खोडलं.
कागद तिथे पातळ झाला,
खालच्या पानावरचं किराण्याचं दिसू लागलं.
शाळेत बाई ओरडायच्या: हातचा विसरलीस, माइरे!
हातचा कधी दिसत नाही,
तो पुढच्या घरात जाऊन बसलेला असतो.

"दोनशे दहा धर," ती म्हणाली.
"आणि करार पाच वर्षांचा."
"ते पंच्याऐंशीला देतील?"
"नाही दिलं तर नाही."
"आणि दिलं तर किती टक्के?"

त्याने स्वतःच बेरीज केली,
पण सांगितली नाही.
उठला, खणातून पाना काढला
आणि स्वयंपाकघरातला नळ आवळला.
थेंब थांबला नाही.
लांबला फक्त.